बंदर बंद

साडेदहाला नौदलाचा माणूस रेडिओवर सांगतो: बंदर बंद.
मग वाऱ्याचा आकडा सांगतो.
आकडा कशाला, छपराचा पत्रा संध्याकाळपासून तेच बडबडतोय.

येर्को नाउएलकीन खाटेवर आडवा.
एरिसो काढायला गेला होता, समुद्रतळाचे काटेरी गोळे,
ज्यांच्या पोटातल्या पिवळ्या जिभा
आम्हाला न परवडणाऱ्या हॉटेलांत जातात.
पस्तीस मीटर, पाच खेपा, दातांत कॉम्प्रेसरची नळी.
पाचव्या खेपेला कॉम्प्रेसर खोकला
आणि हा घाईने वर आला.
आता कमरेखालचा येर्को त्याचं ऐकत नाही.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, लाकडाची शेगडी आणि मी.
मी डॉक्टर नाही.
बेटावरचे लोक म्हणतात, कारण दुसरं कोणी नाही.
कास्त्रो शहरातून ओयार्सो डॉक्टरचा आवाज येतो, तुकड्यातुकड्यांनी,
पोरगेला, असेल सव्वीस-सत्तावीसचा:
"एदिताबाई, ऑक्सिजन... किती... ओव्हर?"
एक मोठा सिलिंडर, एक धाकटा.
पूर्ण धारेने सोडला तर पहाटे पाचपर्यंत.
बंदर उघडलंच तर सातला.
मधल्या दोन तासांबद्दल
तोही बोलत नाही, मीही नाही.
ओव्हर.

लघवी तुंबलेली. नळी घालावी लागते.
याच्या मांडीत पहिली लस मीच टोचली होती,
तेव्हा त्याने भोकाड पसरलं होतं.
आज छताकडे बघत म्हणतो,
"मावशी, आईला हे सांगू नकोस."
नाही सांगणार.
इथे सगळ्यांचं सगळं मला ठाऊक असतं
आणि दुकानात मी फक्त हवेबद्दल बोलते.

एकला त्याचा डोळा लागला, की शुद्ध गेली?
दंडाला चिमटा काढला. त्याने शिवी हासडली.
इतकी गोड शिवी मी आजवर ऐकली नव्हती.

दीड वाजता सिलिंडरची कळ मी पाव फेरा मागे घेतली.
पाव.
दोन तास विकत घेतले,
कुणाच्या खिशातून ते विचारलं नाही.
वहीत नाडी लिहिली, रक्तदाब लिहिला, वेळ लिहिली.
पाव फेरा लिहिला नाही.

साडेसातला लाँच आली. खलाशांनी त्याला ब्लँकेटात गुंडाळून नेलं.
एकाने विचारलं, सही कुठे घ्यायची?
घरी येऊन मी चाळीस बटाटे सोलले.
घरात मी एकटीच असते.

जूनमध्ये सांतियागोहून एक बाई पडद्यावर आल्या.
विषय: आरोग्य कर्मचाऱ्यांचं मनःस्वास्थ्य.
म्हणाल्या, डोळे मिटा, खोल श्वास घ्या,
आणि तिथेच नेटवर्क गेलं.
अर्धा तास त्या पडद्यावर तशाच, छाती फुगवून.
"सोडा" म्हणायचं राहून गेलं.
मला हसू आलं, मग ते थांबेना,
मग ते हसू उरलं नाही.
शेगडीत लाकूड घातलं. बाहेर तिघे बसले होते,
एक गळू, एक खोकला, एक नुसती गप्पा मारायला आलेली म्हातारी.

येर्को परतलाय. डावा पाय ओढतो, जाळी दुरुस्त करतो.
परवा माझ्या दारात शिंपल्यांची बादली ठेवून गेला.
तो पाय खोल पाण्याने नेला, उशिराने नेला
की माझ्या मनगटाने?
डॉक्टरला विचारलं तर म्हणेल, वाऱ्याने.
म्हणून विचारत नाही.
बादली अजून बाहेरच आहे. वास सुटायला लागलाय.

काल रात्री रेडिओ खरखरला. मी बूट शोधायला लागले.
"नाही, कोणी आजारी नाही," ओयार्सो म्हणाला,
"एदिताबाई, झोप लागते का?"
नळाखाली धरलेला हात मी पुसला.
"तुम्हाला?"
बराच वेळ नुसती खरखर.
ओव्हर दोघांनीही म्हटलं नाही.